खडकावरची कालवं आणि समुद्रातलं काटेरी सोनं

कोकणातल्या बायका ओहोटीला खडकावरून कालवं काढतात, पण त्याच खडकाच्या कपारीत बसलेल्या काटेरी गोळ्याला चुकूनही हात लावत नाहीत. जपानपासून इटलीपर्यंत मात्र त्या गोळ्यासाठी लोक वेडे झालेत. इतके, की अनेक ठिकाणी समुद्राचा तळ रिकामा झाला. त्या रिकाम्या किनाऱ्यांची गोष्ट आपल्या कालवांच्याही कामाची आहे...

अमावास्येची पहाट. गाव अजून झोपेत आहे, पण किनाऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर चार-पाच बायकांची कुजबुज सुरू झालीय. साडीचा कासोटा मारलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात जुने बूट नाहीतर दोरीनं बांधलेल्या स्लिपर. एका हातात डबा, दुसऱ्या हातात लहानशी लोखंडी कोयती. समुद्र बराच आत गेलाय आणि एरवी पाण्याखाली असणारे काळे खडक उघडे पडलेत. बायका त्यांच्यावर पांगतात. थोड्याच वेळात चहूकडून टक्... टक्... असा आवाज यायला लागतो.

पालघरमधल्या केळव्यापासून सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यापर्यंत जिथं जिथं खडक आणि खाडी आहे, तिथं थोड्याफार फरकानं हेच दृश्य दिसतं. या बायका मासेमारीला निघालेल्या नाहीत. त्यांच्याकडे होडी नाही, जाळं नाही. त्या निघाल्यात कालवं काढायला!

कालव म्हणजे इंग्रजीतला ऑयस्टर. याचा खालचा शिंपला खडकाला सिमेंटनं चिकटवल्यासारखा घट्ट बसलेला असतो. बाई कोयतीच्या टोकानं वरचा शिंपला उचकटते, आतला करडा-पांढरा मऊ जीव अलगद खरवडते आणि डब्यातल्या खाऱ्या पाण्यात टाकते. एका कालवाचा गर असतो जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा. वाटीभर कालवं जमवायला कितीदा कोयती चालवावी लागत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा! शिंपल्याची कड ब्लेडसारखी धारदार. बोटं कापतात, मिठाचं पाणी जखमेत शिरतं, ओणवं राहून कंबर धरते. आणि पाठीमागून समुद्र कधी परत येईल, याचं भान सतत ठेवावं लागतं.

दादरच्या किंवा रत्नागिरीच्या बाजारात पिशवीतल्या कालवांचा भाव ऐकून आपण नाक मुरडतो, तेव्हा ही पहाट आपल्या डोळ्यांपुढे नसते.

भरतीचं गणित बोटांवर

या कामाचं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, चंद्रावर चालतं. कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब ठाऊक असतो. आजची तिथी घ्यायची आणि तिला पाऊणनं गुणायचं. चतुर्थी असेल, तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवले की आली ओहोटी. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, पण घरातल्या कॅलेंडरवर एवढं काम भागतं.

अमावास्या आणि पौर्णिमा हे उधाणाचे दिवस. तेव्हा सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. एरवी कधीच उघडे न पडणारे लांबचे खडक त्या दिवसांत तास-दीड तास दिसतात. याउलट अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. म्हणून कालवं काढणारीचे कामाचे दिवस महिन्यात मोजकेच. एका ओहोटीला हातात मिळतात दोन-तीन तास, बस्स.

खडकावर कालवं, तसं खाडीच्या रेतीत आणि चिखलात तिसऱ्या असतात. मालवणकडे त्यांनाच शिवल्या म्हणतात. शिवाय खुबे, मुळे, आणि गोव्याच्या बाजूला आवडीनं खाल्ले जाणारे शिनाणे. तिसऱ्या शोधताना बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायाच्या बोटांनी रेती चाचपतात. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. तेव्हा ताजी मासळी महागते आणि किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत खाडीतलं हे शिंपलं आणि सुकी मासळीच चूल सांभाळते.

या कामाचे काही अलिखित नियमही आहेत. बारकं कालव फोडायचं नाही, कारण त्यात गर नसतो आणि पुढच्या वर्षीचं पीकही जातं. एकच खडक पुन्हा पुन्हा खरवडायचा नाही. भर पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात खडकावर जायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नसतं. सासूनं सुनेला दाखवलं आणि सुनेनं लेकीला, एवढंच.

कपारीतला काटेरी गोळा

याच खडकांच्या कपारीत, पाणी साचून राहिलेल्या डबक्यात, कधी कधी एक काळा गोळा दिसतो. लिंबाएवढा नाहीतर संत्र्याएवढा. अंगभर सुयांसारखे काटे. बायका त्याला वळसा घालून पुढे जातात. काटा पायात मोडला तर आठवडाभर ठणकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

हा सी अर्चिन. ‘अर्चिन’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काट्यांचा जाहक नावाचा छोटा प्राणी. आपण त्याला समुद्रातलं साळिंदर म्हणायला हरकत नाही. तारामासा त्याचा जवळचा नातेवाईक. जगभरात याच्या साडेनऊशेच्या आसपास जाती आहेत. याला डोकं नाही, पुढचं-मागचं नाही. सगळं शरीर पाचाच्या हिशेबात बेतलेलं. तोंड खालच्या बाजूला, त्यात पाच दात, आणि ते दात हलवणारी एक गुंतागुंतीची चौकट. तिचं वर्णन ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटलनं करून ठेवलं, म्हणून शास्त्रज्ञ आजही तिला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. या दातांनी हा प्राणी खडकावरचं शेवाळ आणि समुद्री वनस्पती खरवडून खातो.

आपल्याकडे याला ताटात जागा नाही. पण जपानमध्ये याच गोळ्याला म्हणतात उनी, इटलीत रिच्ची, तर चिलीमध्ये एरिसो. आणि तिथं तो श्रीमंतांच्या पंगतीचा पदार्थ आहे!

खाण्याजोगं काय असतं त्यात? कात्रीनं तोंडाकडची बाजू गोल कापायची, पाणी ओतून टाकायचं. आत दिसतात केशरी-पिवळ्या रंगाच्या पाच पाकळ्या. बोलताना लोक त्यांना अंडी म्हणतात, पण खरं तर त्या प्राण्याच्या जननग्रंथी असतात आणि नर-मादी दोघांमध्येही असतात. त्या चमच्यानं अलगद काढून खाल्ल्या जातात, बहुतेक वेळा कच्च्याच. जपानी माणूस त्या भाताच्या घासावर ठेवतो, इटालियन माणूस पावाला लावतो किंवा स्पॅगेटीत घालतो. चव? खाल्लेली माणसं सांगतात, समुद्राचा खारटपणा, मागून येणारा गोडवा आणि जिभेवर लोण्यासारखं विरघळणं. टोकियोच्या बाजारात नववर्षाच्या पहिल्या लिलावात उत्तम उनीच्या एका छोट्या ट्रेला लाखो येन मोजले जातात.

श्वास रोखून केलेली कमाई

हे सी अर्चिन काढणाऱ्यांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध आहेत दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या बायका. त्यांना हेन्यो म्हणतात, म्हणजेच समुद्रातल्या बायका. पाठीवर ऑक्सिजनची टाकी नाही. फक्त पाणबुड्याचा रबरी पोशाख, चष्मा, कमरेला वजन आणि हातात छोटं लोखंडी हत्यार. एका दमात त्या दहा मीटरपर्यंत खोल जातात, मिनिटभर श्वास रोखून खडकावरचे सी अर्चिन, शंख आणि ॲबलोनी नावाचा मौल्यवान शिंपला वेचतात आणि वर येतात. वर आल्यावर कोंडलेला श्वास सोडताना त्यांच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज निघतो. त्या आवाजालाही तिथं स्वतंत्र नाव आहे.

या बायकांमध्ये साठी-सत्तरी ओलांडलेल्याच जास्त. १९६०च्या दशकात त्यांची संख्या वीस हजारांच्या वर होती, ती आता तीन हजारांच्याही खाली आलीय. मुली शिकून शहरात जातात, या कष्टाकडे वळत नाहीत. २०१६मध्ये युनेस्कोनं हेन्यो परंपरेची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

पण युनेस्कोपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कुठल्या पट्ट्यात, कुठल्या दिवशी उतरायचं, काय काढायचं आणि काय सोडायचं, हे तिथं गावची संघटना ठरवते. समुद्राचा तो तुकडा कुणाचा, याची नोंद असते. हेन्यो म्हणून नाव लागलेल्या बाईला सरकारकडून औषधोपचारासाठी मदत मिळते. थोडक्यात, कासोट्याऐवजी रबरी पोशाख घातलेल्या या बाईला तिचा देश ओळखतो.

आपल्या कालवंवालीचं काय? त्याकडे येऊच. आधी हे काटेरी सोनं जिथं बेहिशेब लुटलं गेलं, तिथं काय झालं ते बघू या.

सोन्याची खाण... आणि रिकामा तळ

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथले मच्छीमार पूर्वी सी अर्चिनला उपद्रवी समजायचे. लॉब्स्टरच्या सापळ्यात आले की वैतागून फेकून द्यायचे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी खरेदीदार तिथं पोहोचले आणि चित्रच पालटलं. जो तो पाण्यात उतरला. १९९३मध्ये एकट्या मेनमधून चार कोटी पौंडांहून जास्त, म्हणजे अठरा हजार टनांच्या वर सी अर्चिन निघाले. त्यानंतर मात्र आकडे घसरत गेले. आज तिथं मिळणारा माल म्हणजे त्या वर्षाच्या मानाने अगदी किरकोळ.

जगाचंही तसंच. १९९५मध्ये सगळ्या जगात मिळून सुमारे एक लाख वीस हजार टन सी अर्चिन काढले गेले. तो उच्चांक त्यानंतर पुन्हा कधी गाठता आला नाही.

असं का व्हावं? याचं उत्तर त्या पाच केशरी पाकळ्यांमध्येच आहे. जननग्रंथी सगळ्यात भरलेल्या आणि चविष्ट असतात त्या प्रजोत्पादनाच्या आधी. म्हणजे ज्या दिवसांत त्या प्राण्याला पुढची पिढी जन्माला घालायची असते, नेमक्या त्याच दिवसांत त्याला बाजारात सगळ्यात जास्त भाव! त्यातून काही जातींची वाढ अतिशय मंद असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लाल सी अर्चिन शंभर वर्षांहून जास्त जगू शकतो, असं शास्त्रज्ञांना आढळलंय. मिनिटभरात खडकावरून उचललेला तो गोळा कदाचित आपल्या पणजीच्या वयाचा असेल.

इटलीच्या दक्षिणेतल्या पुलिया प्रांतात रिच्ची म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीचा आनंद. समुद्रकिनारी उभं राहून, कात्रीनं फोडून, पावाच्या तुकड्यानं पुसून खायचं. तिथंही वेचणारे वाढले, खाणारे वाढले आणि समुद्राचा तळ ओका पडत चालला. शेवटी २०२३मध्ये प्रांताच्या सरकारनं आपल्या समुद्रातून रिच्ची काढायला तीन वर्षांची बंदी घातली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आवडीवर कुलूप लावायची पाळी आली!

फार झाले तरी पंचाईत

म्हणजे सी अर्चिन जितके जास्त तितकं बरं, असं वाटेल. पण निसर्गाचा हिशेब इतका सरळ नसतो.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर पाण्याखाली केल्प या समुद्री वनस्पतीची दाट जंगलं होती. सी अर्चिन ती खातात आणि सूर्यफुलासारखा दिसणारा एक मोठा तारामासा सी अर्चिनना खातो, असा तोल होता. २०१३पासून त्या तारामाशांना एका रोगानं ग्रासलं आणि ते भराभर मेले. पाठोपाठ समुद्राचं पाणी तापलं. जांभळ्या सी अर्चिनना आवरणारं कुणी उरलं नाही. त्यांनी केल्पचा असा फडशा पाडला, की साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त जंगल नाहीसं झालं. मग खायला काही उरलं नाही, तरी हे चिवट प्राणी उपाशीपोटी वर्षानुवर्षं जगत राहिले. फोडून बघावं तर आत पाकळ्या नाहीत, नुसतं पाणी! तिथली ॲबलोनीची प्रसिद्ध हौशी मासेमारी २०१८मध्ये बंद करावी लागली.

कॅरिबियन समुद्रात याच्या अगदी उलट घडलं. १९८३-८४मध्ये लांब काट्यांचे काळे सी अर्चिन साथीच्या रोगानं जवळजवळ संपले. त्यांच्यावाचून शेवाळ खरवडायला कुणी राहिलं नाही. शेवाळ माजलं आणि प्रवाळ गुदमरले.

जपानी माणसानं उपाशी सी अर्चिनवर एक गमतीशीर तोड काढलीय. कानागावा प्रांतातल्या मत्स्य संशोधकांनी आतून पोकळ झालेले सी अर्चिन टाक्यांमध्ये ठेवले आणि त्यांना शेतात वाया जाणारा कोबी खाऊ घातला. त्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला आणि आतल्या पाकळ्याही भरल्या. ‘कोबीवरचे उनी’ म्हणून त्यांचं नाव झालं.

केरळनं काय केलं?

इतक्या दूर कशाला जा? आपल्या देशातलंच एक उदाहरण आहे, आणि तेही आपल्या तिसऱ्यांचंच.

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचं मोठं खारं सरोवर आहे. तिथं पिवळसर, आखूड मानेच्या तिसऱ्या भरपूर मिळतात. परदेशात मागणी वाढली, तशा १९९०च्या सुमारास त्या ओरबाडल्या जाऊ लागल्या आणि माल घटला. तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सल्ला दिला, की डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजोत्पादनाच्या दिवसांत तिसऱ्यांना हात लावू नका. १९९३पासून ही बंदी पाळली जाऊ लागली. जाळ्याच्या भोकाचा आकार ठरवला गेला, बारीक माल विकायचा नाही असं ठरलं. तिसऱ्या पुन्हा वाढल्या. २०१४मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं. असा मान मिळवणारी ही भारतातली पहिली मासेमारी!

कुणी फार मोठं यंत्र आणलं नव्हतं. तीन महिने हात आवरला आणि बारकं सोडून दिलं. आपल्या कोकणातली सासू सुनेला जे सांगत आली, तेच इथं कागदावर आलं आणि सगळ्यांनी मिळून पाळलं.

होडी नाही, म्हणून नोंदही नाही?

आता येऊ या आपल्या कालवंवालीकडे.

आपल्याकडे मासेमारीचा सगळा कारभार होडीभोवती फिरतो. होडीला नोंदणी क्रमांक, होडीला परवाना, होडीला डिझेलवरची सवलत. कोयती घेऊन खडकावर जाणाऱ्या बाईच्या हातात यातलं काय असतं? काहीच नाही. तिनं वर्षभरात किती कालवं काढली, त्यातून घरात किती पैसे आले, मुलांच्या फीला ते कसे लागले, हे कुठल्याच होडीच्या वहीत येत नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते बुडालं तरी कुणाला कळत नाही.

मुंबईचंच बघा. दक्षिण मुंबईतल्या सागरी किनारा मार्गासाठी शंभर हेक्टरांहून जास्त भराव समुद्रात घातला गेला. २०१८मध्ये काम सुरू झालं. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार न्यायालयात गेले. उच्च न्यायालयानं जुलै २०१९मध्ये प्रकल्पाची किनारी परवानगी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. होड्यांना ये-जा करायला पुलाच्या खांबांमध्ये जास्त अंतर हवं, यासाठी कोळ्यांनी दीर्घ लढा दिला आणि २०२२मध्ये ते अंतर साठ मीटरवरून १२० मीटर करण्याचं मान्य झालं. मार्च २०२४मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. होडीसाठी खांब सरकले, ही चांगलीच गोष्ट. पण भरावाखाली गेलेले खडक कुठं सरकवणार? त्या खडकांवर पायी जाऊन शिंपलं नि खेकडे वेचणाऱ्या हातांना दुसरा खडक कोण देणार?

भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांमधल्या पट्ट्याला १९९१च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेपासून कायद्यानं संरक्षण आहे. कागदावर तो पट्टा नाजूक आणि मौल्यवान मानला जातो. पण जिचं पोट त्या पट्ट्यावर आहे, तिचं नाव त्या कागदावर शोधून सापडत नाही.

दुसरा धोका खाडीच्या पाण्याचा. कालवं आणि तिसऱ्या पाणी गाळून त्यातलं अन्न खातात. एक कालव दिवसभरात कित्येक लिटर पाणी गाळतं. म्हणजे हा खाडीचा फुकटचा सफाई कामगारच. पण पाण्यात सांडपाणी आणि कारखान्यांची रसायनं असतील, तर तेही त्याच्याच अंगात साठतं. शहरांजवळच्या खाड्यांमधली कालवं खावीत की नाही, असा प्रश्न पडतो तो यामुळे. यात दोष ना कालवाचा, ना ते काढणाऱ्या बाईचा.

काही चांगलंही घडतंय. वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२मध्ये सुरू झाला. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीनं राबवलेल्या प्रकल्पात आणि त्यानंतर २०१७पासूनच्या सरकारी योजनेत, खाडीकाठच्या गटांना कालवं, शिंपलं आणि खेकडे पाळायला शिकवलं जातंय. खाडीत बांबूची चौकट उभी करायची, तिला दोऱ्या बांधायच्या, दोऱ्यांवर कालवांची पिल्लं वाढवायची. खडक खरवडावा लागत नाही आणि पीक हाती येण्याचे दिवस ठाऊक असतात. यात बचतगटातल्या बायका पुढे आहेत. पाळलेल्या कालवांच्या निमित्तानं का होईना, या बायकांचं नाव पहिल्यांदाच एखाद्या सरकारी कागदावर लागलं.

पण सगळ्याच गावांत पाळणूक होणार नाही आणि खडकावरची कालवं काही संपलेली नाहीत. त्यांच्यासाठी अष्टमुडीसारखं काही करता येणार नाही का? गावानं मिळून ठरवावं, की या खडकाला यंदा विश्रांती. या महिन्यांत हात लावायचा नाही. एवढ्यापेक्षा लहान काढायचं नाही. आणि सरकारनं त्या गावातल्या कालवंवालीला मच्छीमार म्हणून ओळखपत्र द्यावं. मेनमध्ये आणि पुलियात तळ रिकामा झाल्यावर शहाणपण आलं. आपले खडक अजून भरलेले आहेत, तेव्हाच हे ठरवणं सोपं.

आणताना, शिजवताना...

हे वाचून कालवं खायची इच्छा झाली असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा.

- तिसऱ्या शिंपल्यासकट घ्या. तोंड मिटलेल्या हव्यात. उघडी दिसली तर टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर टाकून द्या. अगदी बारक्या तिसऱ्यांचा वाटा घेऊच नका. गिऱ्हाईक मिळालं नाही, तर कुणी त्या काढणारही नाही.

- तिसऱ्या दोन-तीन तास मिठाच्या पाण्यात ठेवल्या, की रेती टाकतात. मग विळीवर उघडून एका शिंपल्याला गर ठेवायचा आणि दुसरा शिंपला फेकायचा. हीच ती मालवणी घरातली एकशिपी.

- सोललेली कालवं घेताना वास घ्या. समुद्राचा वास चालेल, आंबूस वास नको. त्याच दिवशी शिजवा. हलक्या हातानं धुऊन शिंपल्याचे कण बोटांनी काढून टाका.

- कालवांचं सुकं सोपं आहे. तेलावर भरपूर कांदा परता, आलं-लसूण, हळद आणि मालवणी मसाला घाला. मग कालवं घालून झाकण ठेवा. त्यांचं पाणी सुटतं, वेगळं पाणी नको. चार आमसुलं घाला, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. मीठ शेवटी आणि चव बघूनच, कारण कालवं मुळातच खारट असतात.

- ही जस्त, लोह आणि बी-१२ यांनी समृद्ध असतात. पण कच्ची खाण्याचा मोह टाळा. गरोदर बायका, लहान मुलं, यकृताचे रुग्ण आणि मधुमेही यांनी तर नक्कीच. शिंपल्याची ॲलर्जी असेल, तर वाटेलाच जाऊ नका.

- समुद्राचं पाणी लाल-तपकिरी दिसत असेल, तर त्या दिवसांत शिंपलं खाऊ नये. काही सूक्ष्म वनस्पतींचं विष शिंपल्यात साठतं आणि ते शिजवूनही जात नाही. १९९७मध्ये केरळातल्या विळिंजम इथं शिनाण्यांच्या जातीचं शिंपलं खाऊन सात जणांचा जीव गेला. खाल्ल्यावर ओठ किंवा जीभ बधिर वाटली, तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा.

- आणि समुद्रावर फिरताना सी अर्चिनचा काटा पायात गेलाच, तर सुईनं उकरू नका. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. काटा खोल असेल किंवा सांध्याजवळ असेल, तर डॉक्टरकडे जा.

सूर्य वर येतो तोवर इकडे किनाऱ्यावर भरती सुरू झालेली असते. पाणी एकेक खडक गिळत पुढे येतं. बायका डबे उचलून मागे सरकतात. कुणाचा डबा अर्धा भरलाय, कुणाचा पाऊण. कपारीतला काटेरी गोळा आहे तिथंच आहे. फोडायची राहिलेली बारकी कालवंही आहेत तिथंच. पंधरवड्यानं पौर्णिमा येईल, खडक पुन्हा उघडे पडतील, तेव्हा त्यातली काही काढण्याजोगी झालेली असतील. आता या बायकांना घर गाठायचंय. दहाच्या आत बाजारात वाटा लावायचाय, आणि त्याआधी मुलांचे डबे व्हायचेत!